टिल्लूकाकांचं मोंटाना

टिल्लूकाका मला पहिल्यांदा भेटले ते आयर्लंडमधल्या शॅननच्या गणपतीत. शाळेच्या जिमचा हॉल, बास्केटबॉलच्या रिंगखाली मखर, आणि आरतीच्या रांगेत माझ्या पुढे झब्ब्यावर रेनकोट चढवलेले हे शिडशिडीत, साठीच्या आसपासचे गृहस्थ. मागे वळून त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि विचारलं, "नवीन दिसता. मूळच्या कुठल्या?"

"नागपूरची."

"ते राहायला. मूळच्या?"

मी सांगितलं की आमची आजी म्हणायची, आपलं घराणं साताऱ्याकडचं, भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरला आलं. नागपुरात निम्मी घराणी याच फौजेबरोबर आलेली असतात आणि आजवर मला कुणी त्यावर उलट प्रश्न विचारला नव्हता. निरांजन पेटलं होतं, झांजा सुरू झाल्या होत्या. टिल्लूकाका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पुरावा?"

"आजी सांगायची ना!"

"आजी सांगते ती गोष्ट. पुरावा वेगळा," असं म्हणून ते वळले आणि खणखणीत आवाजात आरती म्हणू लागले. मला त्या दिवशी मोदक गोड लागला नाही. परक्या देशात येऊन जेमतेम महिना झाला होता, आणि आपलं म्हणून भेटलेल्या पहिल्याच माणसाने माझं घराणं साताऱ्याहून उचलून अधांतरी टांगून ठेवलं होतं.

सदानंद टिल्लू मूळचे गुहागरचे (हे पुराव्यानिशी), वाढले पुण्यात, आणि वीसेक वर्षांपूर्वी शॅननच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आले. क्वालिटी खात्याचं काम म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामाकडे संशयाने बघणं. याचा पगार मिळतो हे कळल्यावर पुण्याच्या माणसाला स्वर्ग दोन बोटं उरला असणार. "कुठे लिहिलंय?" हा त्यांचा कारखान्यातला प्रश्न. ते लांबून येताना दिसले की मशीनवरची माणसं सिगारेट ओढत नसली तरी सिगारेट ओढायला बाहेर जात. पुढे कारखान्याने ते खातं दुसऱ्या देशात हलवलं आणि काकांना वेळेआधी निवृत्त केलं. निरोपसमारंभात मॅनेजरने त्यांच्या नोकरीची वर्षं एकाने चुकवली. काकांनी भाषण मध्येच थांबवून ती दुरुस्त करून घेतली आणि मगच पुष्पगुच्छ स्वीकारला.

क्वालिटीचा माणूस घरी बसला की घरातल्यांची परीक्षा सुरू होते. शैलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, यावर उपाय काढला. वरची रिकामी खोली त्या प्रवाशांना देऊ लागल्या. शॅननहून सकाळचं अमेरिकेचं विमान धरायचं असलेले लोक आदल्या दिवशी येऊन राहत. काकूंचा हिशेब असा, की चार माणसं येतील, घर हलतं राहील आणि यांचं लक्ष माझ्या फोडणीवरून उडेल.

ते उडालं, आणि थेट मोंटानाला जाऊन बसलं. एका सकाळी अमेरिकेतल्या त्या राज्यातल्या ब्यूट गावचा एक धिप्पाड, हॅटवाला पाहुणा काकूंचे पोहे खाता खाता सांगू लागला, की माझे खापरपणजोबा आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळातून जीव वाचवून निघाले ते थेट ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत उतरले. सांगताना त्याचे डोळे पाणावले होते. काका फोनवर काहीतरी शोधत होते. शोधून झाल्यावर त्यांनी फोन पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. "अशक्य आहे," ते म्हणाले. "दुष्काळ संपला त्यानंतर एक पिढी उलटली, तेव्हा कुठे ब्यूटचं तांबं मोठ्या प्रमाणावर निघायला लागलं. मधली सगळी वर्षं तुमचे खापरपणजोबा काय खाणीच्या जागेवर सतरंजी टाकून वाट बघत बसले होते?"

पाहुण्याने पोहे अर्धे टाकले. त्याने नंतर इंटरनेटवर लिहिलेला अभिप्राय काकू अजून पाठ म्हणून दाखवतात : 'नाश्ता उत्तम. यजमान टाळा.'

त्या दिवसापासून काकांनी मोंटाना हातात घेतलं. ते तिथे कधीही गेले नव्हते आणि जायची इच्छाही नव्हती. "जाऊन काय कळतं? डोंगर कळतात," म्हणायचे. पण त्या राज्यात केव्हा काय घडलं, आणि ज्याला आपला आजा-पणजा शोधायचा आहे त्याच्या ते कसं कामी येईल, याचा त्यांनी भला मोठा तक्ता केला. सोनं कधी सापडलं, रेल्वे कधी आली, खाणीतली ती भयंकर आग, संप, साथीचा ताप, दुष्काळात शेती सोडून गेलेली माणसं. तक्ता भिंतीवर लावायला काकूंनी साफ नकार दिला. तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून चिकटला. प्रेस म्हणजे कपाट, इथे सगळे तसंच म्हणतात. त्यामुळे त्या घरात चहापूड काढायला गेलं की आधी मोंटाना दिसायचं आणि मग चहा.

शैलाकाकूंच्या आमटीपायी मी त्या घरी जाऊ लागले होते, त्यामुळे हे राज्य मलाही पाठ झालं. काकांचं आवडतं वाक्य होतं, "माणूस हलला नाही, सीमा हलली." म्हणजे असं, की मोंटाना आधी आयडाहोत मोडत होतं, मग वेगळं झालं. त्यामुळे कुणा आजीने सांगितलेलं असतं की आजोबा आयडाहोत जन्मले, आणि नातवंडं आयुष्यभर आयडाहो खणत बसतात. पुढे तिथल्या काउंट्या, आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या, फुटायला लागल्या. "भाऊ वेगळे निघतात तशा. एकीच्या चार झाल्या. युअर मॅन घरातून उठलाही नाही आणि चार काउंट्यांत सापडतो. बेळगावच्या माणसाला विचार, न हलता किती राज्यांत राहून आला ते!" 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो बाबा'. काकांच्या पुणेरी मराठीत तो अगदी घरच्यासारखा बसला होता.

आश्चर्य म्हणजे अमेरिकन माणसं पुन्हा पुन्हा येत राहिली. त्यांच्या देशात नाश्त्याच्या टेबलावर 'तुम्ही चूक आहात' असं कुणी तोंडावर सांगत नसावं. त्यांना वाटे, हीही इथली जुनी परंपराच असेल. कुणाचा पूर्वज सरदार होता, कुणाचा इंग्रजांशी लढून पळाला होता. काका शांतपणे तारखा मांडत. सरदार हा गाडीवान निघे आणि इंग्रजांशी लढलेला शेजाऱ्याशी लढलेला निघे. एक बाई रडल्या तेव्हा काकांनी त्यांच्यापुढे टिश्यूचा डबा सरकवला आणि म्हणाले, "रडा. पण नीट नोंद करून ठेवा."

मराठी मंडळातही ते असेच अप्रिय होते. दिवाळीच्या फराळाला प्रत्येकाचा पूर्वज पानिपतावर निघायचा. काकांनी एकदा चिवड्याची वाटी खाली ठेवून विचारलं, "शॅनन आणि लिमरिकमधल्या सगळ्यांचे पूर्वज जर पानिपतावर होते, तर अब्दालीला उभं राहायला जागा कुठे होती?" त्यानंतर दोन घरांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, म्हणजे काकूंना. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी एकदा आमच्या नागपुरी सुरात विचारलंच, "काका, तुम्ही कायले लोकांच्या आजोबांच्या मागे लागता? आणि तुमचे आजोबा?"

"माझे पणजोबा गुहागरहून पुण्याला पळून आले," ते तत्परतेने म्हणाले. "का पळाले, ते घरात कुणी सांगत नाही. म्हणजे नक्की काहीतरी केलेलं असणार." स्वतःच्या घराण्यालाही ते सूट देत नसत, हे मात्र कबूल करायला हवं.

मग रोझमेरीबाई आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या, ब्यूटच्याच. त्यांचा थोरला भाऊ जॅक वारला होता. बिनलग्नाचा, जन्मभर बहिणीच्या शेजारच्या घरात राहिलेला. त्याची एकच इच्छा होती, की आजोबा जिथून आले तिथल्या मातीत मला ठेवा. बाई त्याची राख एका लाकडी पेटीत घालून, ती मांडीवर घेऊन विमानातून आल्या होत्या. आजोबा कुठून आले हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात एवढंच सांगत आले होते, की घरातून समुद्र दिसायचा आणि उताराला खाली विहीर होती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर असं नसलेलं घर शोधावं लागेल.

त्यात आजोबांचं नाव जॉन सलिव्हन. ब्यूटला कॉर्कच्या बेरा द्वीपकल्पातून इतके सलिव्हन गेले, की खाणीत नुसतं 'सलिव्हन' अशी हाक मारली तर निम्मी पाळी वर बघत असेल. बाईंनी येण्याआधीच हे सगळं कळवलं होतं, तेव्हापासून काकांनी कित्येक आठवडे सगळा तक्ता पालथा घातला. जनगणना पाहिली, चर्चच्या नोंदी पाहिल्या. अमेरिकेतली एक जनगणना आगीत गेलेली, डब्लिनचा दफ्तरखाना यादवी युद्धात जळलेला. "हे म्हणजे पाकिटावर 'कुलकर्णी, सदाशिव पेठ' एवढंच लिहून पत्र टाकण्यासारखं आहे," ते म्हणाले. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला, तोही त्यांच्याच पद्धतीने : सिद्ध होत नाही.

"मग बाईंना काय सांगणार?" काकूंनी विचारलं.

"हेच. सिद्ध होत नाही."

"आणि ती पेटी?"

काकांनी प्रेसचं दार लावून घेतलं. त्यांनी ठरवलं असं, की बाईंना बेराला न्यायचं, तो सगळा मुलूख दाखवायचा, आणि चहा पिता पिता सत्य सांगायचं. गाडी मी चालवावी असं ठरलं, कारण काका गाडी चालवतानाही मागच्या गाडीच्या चुका काढत आणि पुढची गाडी त्यांना दिसत नसे.

बेराचे रस्ते अरुंद, वळणावळणाचे. बाईंना मळमळायला लागलं म्हणून मी एका वाडीपाशी गाडी थांबवली. त्या वाडीचं नाव इथे देत नाही. दिलं तर तिथे अजून एक बस जाईल. फाटकापलीकडे छप्पर पडलेलं एक दगडी घर होतं, भिंती गवताने भरलेल्या. बाई पेटी छातीशी धरून त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. समोर समुद्र होता. उताराला खाली दगडांनी बांधलेली विहीर होती.

शेताचा मालक मायकल कुत्रा घेऊन खाली आला होता. साठीचा, कमी बोलणारा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. काकांनी त्याला थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, इथे सलिव्हन राहत होते का. तो म्हणाला, "या भागात दगड भिरकावला तर सलिव्हनला लागतो. आणि भिरकावणाराही सलिव्हनच असतो." एवढंच बोलून तो पेटीकडे बघत राहिला.

बाई वळल्या. थंडीने ओठ निळे पडले होते. त्यांनी मायकलला नाही, मला नाही, काकांना विचारलं, "मिस्टर टिल्लू, हेच ना ते?"

मी काकांकडे पाहिलं. मला ठाऊक होतं आता काय येणार. मी मनातल्या मनात टिश्यूचा डबासुद्धा शोधला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि म्हणाले, "होय. हेच."

मायकल निमूटपणे वर गेला आणि कुदळ घेऊन आला.

बाई भिंतीशी बसून जॅकशी काहीबाही बोलत होत्या तेव्हा मी काकांना बाजूला ओढलं. मला हसू की रडू कळत नव्हतं. "काका, पुरावा?"

ते माझ्यावर खेकसलेच. "श्राद्धाला बसलेल्या माणसाला आपलं गोत्र ठाऊक नसलं तर भटजी काय सांगतात?"

"काश्यप म्हणा, सांगतात."

"मग? ठाऊक नाही म्हणून उठवून घरी पाठवतात का त्याला? पिंड तसाच ठेवतात का ताटात?" त्यांनी भिंतीशी बसलेल्या बाईंकडे बोट केलं. "ज्याला कुणी नाही त्याला काश्यप. कर्म थांबत नाही."

इतकी वर्षं ज्यांच्यावर मी चिडत आले, त्या माणसावर माझा त्या क्षणी जीव जडला. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कशावरून.

पण हा माणूस टिल्लू होता. पुण्य केलं तरी त्याचं ऑडिट करणारच. शॅननला परत आल्यावर ते आजारी पडल्यासारखे झाले. प्रेस उघडायचे, तक्त्याकडे बघायचे आणि चहापूड न घेताच बंद करायचे. "मी बनावट नोंद केली," दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. शैलाकाकू शेवटी कंटाळल्या. "जन्मभर लोकांचे आजोबा खोटे पाडलेत. एकाला घर दिलंत तर एवढं काय आभाळ कोसळलं?"

"कोसळलं नाही," काका म्हणाले. "पण आता ते कुठेतरी लिहिलं जाईल."

लिहिलं गेलं, आणि तेही दगडावर. पुढच्या उन्हाळ्यात रोझमेरीबाईंच्या भाचीचा निरोप आला. पेशाने वकील, नाव कॅथलीन. तिने कळवलं की मावशी हिवाळ्यात गेली. जॅकच्या शेजारी मला ठेवा, असं सांगून गेली. आम्ही सगळं घराणं घेऊन येत आहोत, दगड बसवायचा आहे, मायकलने परवानगी दिली आहे, आणि आमचं घर शोधून देणाऱ्या मिस्टर टिल्लूंनी दोन शब्द बोलावेत.

काकांनी निरोप वाचला आणि मला फोन केला. "बोलणार आहे मी," ते म्हणाले. "खरं तेच बोलणार आहे."

"काका, त्या बाई आता पेटीत आहेत."

"म्हणूनच. आधी एकाला खोट्या पत्त्यावर पोचवलं. आता दुसरी येतेय. उद्या तिसरा येईल. कुणीतरी सांगायला नको?"

मी त्यांच्याशी खूप भांडले. म्हटलं, तुम्ही सांगाल आणि ती माणसं जॅकला उकरून परत नेतील, मग बसा तुमचा पुरावा उराशी धरून. काका म्हणाले, नेऊ देत. तो त्यांचा हक्क आहे. या माणसापुढे डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. गाडी पुन्हा मीच चालवली. मागे शैलाकाकू डब्यात पुरणपोळ्या घेऊन बसल्या होत्या. प्रसंग कसाही निघाला तरी लोक उपाशी राहू नयेत, एवढंच त्यांचं धोरण होतं.

वाडीवर बस उभी होती. चाळीसेक माणसं, सगळ्यांच्या अंगात हिरवे टीशर्ट, छातीवर वाडीचं नाव आणि त्याखाली 'आमचं मूळ'. म्हातारी, तरुण, कडेवरची पोरं. एक जण भिंतीतला दगडाचा कपचा खिशात घालत होता. दुसरा विहिरीचं पाणी बाटलीत भरत होता, आणि मायकलचा कुत्रा त्या पाण्यात काय काय करतो हे त्याला कुणी सांगितलेलं दिसलं नाही. नवा ग्रॅनाइटचा दगड, त्यावर जॉन सलिव्हन यांच्या जन्मघराविषयी दोन ओळी. भुरभुर पाऊस. कॅथलीन मावशीची पेटी धरून दगडापाशी उभी राहिली आणि तिने काकांना पुढे बोलावलं. टाळ्या झाल्या.

काका कोट-टाय घालून आले होते. त्यांनी घसा साफ केला. "जॉन सलिव्हन या घरात जन्मले याला काहीही पुरावा नाही," ते म्हणाले. "मी शोधलं. सापडलं नाही. मिस रोझमेरींना मी खोटं सांगितलं."

मग मागून कुणीतरी हसलं आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. एक म्हातारा शेजारणीला म्हणाला, "बघ किती नम्र माणूस आहे!"

"मी नम्र नाही!" काका ओरडले. हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात निर्विवाद विधान होतं. "तुम्हाला कळत नाहीये. मी हे घर समुद्र आणि विहीर बघून ठरवलं. माझ्याकडे कागद नाही, साक्ष नाही, काही नाही!"

आता मात्र टाळ्या थांबल्या. कॅथलीन वकील होती, तिला कळलं. ती मायकलकडे वळली, कारण आता विचारायला तोच उरला होता. "हे खरं आहे?"

मायकलने टोपी काढली. "खरं आहे," तो म्हणाला. "या घरात कधीच सलिव्हन नव्हते. हॅरिंग्टन होते. माझ्या आजीचं माहेर."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून तो कुदळ आणायला गेला होता. काका त्याच्याकडे बघतच राहिले. चाळीस माणसं हिरवे टीशर्ट घालून पावसात उभी होती आणि कुणाला कुठे बघावं कळत नव्हतं. कॅथलीनने पेटी छातीशी आवळली. ती आता बसकडे वळणार, असं मला स्पष्ट दिसलं, आणि काकांचा मला भयंकर राग आला.

"पण आता एक सलिव्हन आहे," मायकल म्हणाला. त्याने दगडापाशी जॅकच्या जागेकडे हनुवटी हलवली. "आणि दुसरी तुझ्या हातात आहे. तिला असं किती वेळ भिजत उभं करणार?"

कॅथलीन हलली नाही. मग टिल्लूकाका खाली वाकले. मला वाटलं चक्कर आली. ते बुटाच्या नाड्या सोडत होते. एक बूट, मग दुसरा, मग मोजे. बाजूला जोडीने नीट ठेवून ते अनवाणी त्या ओल्या गवतात गेले आणि दगडापुढे हात जोडून उभे राहिले. आपण स्मशानात, देवळात, जिथे वाकायचं असतं तिथे उभे राहतो तसे. मागोमाग शैलाकाकूंनी चपला काढल्या, मी काढल्या. कॅथलीनने आमच्याकडे पाहिलं, आणि पेटी सांभाळत, एका पायावर डुगडुगत, तिनेही बूट उतरवले. मग त्या चाळीसही जणांनी. म्हाताऱ्यांना तरुणांनी धरलं, पोरांचे मोजे आयांनी ओढून काढले. शेवटी मायकलसुद्धा काहीतरी पुटपुटत रबरी बुटांतून बाहेर आला. सगळ्यांचे पाय चिखलाने माखले होते. रोझमेरीबाई भावाशेजारी गेल्या.

परतताना काका गाडीत रडत होते. काकूंनी त्यांना पुरणपोळी दिली. ती त्यांनी खाल्ली आणि पुरणात जायफळ जास्त झाल्याचं सांगितलं.

त्याच हिवाळ्यात, सकाळचा चहा घेता घेता, टिल्लूकाका गेले. डॉक्टरांनी हृदय असं सांगितलं. मंडळातली सगळी घरं आली, पानिपतवालेसुद्धा. कुणालाच त्यांच्याविषयी खोटं चांगलं बोलायचं धाडस झालं नाही, त्यामुळे भाषणं फार छोटी आणि फार खरी झाली.

यंदाच्या उन्हाळ्यात कॅथलीनचा मेल आला. ते सगळे पुन्हा येऊन गेले होते. सोबत फोटो होता. दगडाभोवती सगळं घराणं, लहान पोरं पुढे, आणि सगळ्यांचे पाय अनवाणी. तिने लिहिलं होतं की पूर्वजांपुढे अनवाणी उभं राहायची आमच्या घराण्याची ही जुनी आयरिश चाल आम्ही आता ब्यूटच्या दफनभूमीतही पाळतो. घराण्याच्या इतिहासात तिची नोंद करायची आहे. ही चाल साऱ्या आयर्लंडमध्ये आहे की फक्त बेराला, आणि साधारण कधीपासूनची? मिस्टर टिल्लू असते तर त्यांनाच विचारलं असतं.

मी आधी हसले, मग खुर्चीत बसून खूप रडले. त्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या कहाण्या खोडल्या आणि जाताना एक नवी सोडून गेला, आणि ती खोडायला आता तो नाही. कॅथलीनला काय लिहावं याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी एवढंच लिहिलं, की आयर्लंडमध्ये ही चाल दुसरं कुणीही पाळत नाही, ती फक्त तुमच्याच घराण्याची आहे. यातलं एक अक्षरही काकांना खोडता आलं नसतं.